निळी खूण

औषध आणि विष यांच्यात फरक एवढाच की औषध महाग असतं, असं केतकी थट्टेनं म्हणायची. पुण्याच्या ज्या कंपनीत ती अभियंता होती, तिथं ही थट्टा सगळ्यांना पाठ झाली होती. पुढे हुपरीला तिच्या आईला गाठीचं निदान झालं आणि केतकीनं ती थट्टा बंद केली.

थट्टेत तथ्य मात्र होतं. कर्करोगाची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. ती पेशी गाठीतली आहे, केसाच्या मुळाशी आहे की पोटातल्या गर्भाची, हे औषधाला कळत नाही. असं औषध काचेच्या छोट्या कुपीत येतं, वर रबराचं बूच. बुचातून सुई खुपसून औषध ओढायचं तर कुपीत तेवढी हवा सोडावी लागते. हवा थोडी जास्त झाली की सुई बाहेर काढताना त्या भोकातून फवारा उडतो, इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. दवाखान्यातल्या कितीतरी सिस्टर वर्षानुवर्षं हा फवारा श्वासातून घेत राहिल्या. दिसत नव्हता, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी बोलतही नव्हतं.

कुपीचं तोंड न उघडता औषध काढायची कल्पना तशी जुनी. केतकीच्या कंपनीनं ती स्वस्त केली आणि थेट घरात आणली. कुपीच्या गळ्यात एक टोपण खटकन बसायचं. टोपणाला मऊ पडदा, नळीच्या टोकालाही तसाच पडदा. दोन्ही पडदे एकमेकांवर घट्ट दाबले गेले की मगच आतली सुई पुढे सरकायची. तिला बाहेरची हवा लागायचीच नाही. टोपणाच्या बाजूला हवेची एक इवलीशी पिशवी होती. औषध जाईल तशी तिच्यातली हवा कुपीत शिरायची आणि बाहेर काहीच यायचं नाही. साबणाच्या वडीएवढा पंप कमरेला बांधायचा, त्याची नळी गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेल्या बटणाला जोडायची आणि खुशाल घरातली कामं करायची. शेवटी नळीत उरलेलं औषध धुऊन एका जाड, काळ्या बरणीत सोडायचं. बरणीचं तोंडही तसंच बंद. ती न्यायला कंपनीची गाडी यायची.

यावर कंपनीनं आणखी एक गोष्ट केली होती. औषध तयार करतानाच त्यात एक निरुपद्रवी रेणू मिसळला जायचा. तो औषधाला चिकटून राहायचा आणि जांभळट दिव्याखाली निळा चमकायचा. औषध कुठं सांडलं, कुठं लागलं, ते घरबसल्या दिसायचं. लोक त्याला निळी खूण म्हणू लागले. दिवा पंपाच्या खोक्यातच मिळायचा, त्यामुळे खोकी हातोहात खपली.

फक्त दिवा 'आहे' एवढंच सांगायचा. 'किती' ते सांगायचा नाही.

केतकीची आई राजश्री मगदूम पैंजणाच्या कड्या गुंफायची. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, त्यात नवल काही नाही. पण राजश्रीच्या हातच्या कड्या उलटसुलट फिरवून पाहिल्या तरी जोड सापडत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. औषधाचा पंप जोडायलाही ती एका दुपारीत शिकली. "एवढं तर माझं पैंजण अवघड असतंय," ती म्हणाली. नवऱ्यानं, सन्मतीअप्पांनी, दिव्याचं काम अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी ते दिवा घेऊन तिच्या हातांवर, मोरीवर, कपबशीवर फिरवायचे. औषध घेतल्यावर दोनतीन दिवस तिच्या घामातून, थुंकीतून ते थोडंथोडं बाहेर पडायचं, आणि तेवढे दिवस तिचे तळवे दिव्याखाली फिकट निळे दिसायचे. अप्पांना त्याचं कौतुक वाटे. "औषध लागू पडतंय बघ," म्हणायचे.

सातव्या महिन्यात केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा तन्मय तिला सोडून पुण्याला परत गेला, आणि तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच राजश्रीनं लेकीच्या वेणीला हात घातला.

"केसांचं पार काय करून घेतलीयस गं? बस खाली. तेल घालते."

"आई, पंप काढून किती दिवस झाले तुझा?"

"झाले की तुझ्या नियमापेक्षा जास्त. आणि हात दोनदा धुतलेत. बस."

केतकी पाटावर बसली. कोमट खोबरेलाची वाटी, आईचे गुडघे दोन्ही खांद्यांना टेकलेले, आणि टाळूवर ती बोटं. कितीतरी महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिला बसल्या बसल्या डुलकी लागली.

संध्याकाळी अप्पा दिवा घेऊन आले. आईचे हात पाहून झाले, नियमाचे दिवस उलटूनही पुसटसं निळं होतं. "आता पोरीचं डोस्कंबी बघूया," ते हसत म्हणाले आणि त्यांनी दिवा केतकीकडे वळवला.

केतकीला स्वतःचं डोकं दिसत नव्हतं. तिला दिसला तो अप्पांचा चेहरा. मग समोरच्या आरशात तिनं पाहिलं. भांगापासून मानेपर्यंत बोटांचे निळे माग उमटले होते, कानामागून गळ्यावर उतरलेले. तेलानं सगळं नीट पसरवलं होतं.

राजश्रीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई, हे काही नाही," केतकी घाईनं म्हणाली. "दिवा फार तिखट आहे आमचा. थेंबाच्या हजाराव्या भागाला पण चमकतो."

"पोटात जातंय व्हय हे?"

"नाही गं. जवळजवळ नाहीच."

"जवळजवळ म्हंजे?"

एवढ्याशानं काही होत नाही असं केतकीला वाटत होतं, पण तसं कुणी मोजून दाखवलेलं नव्हतं. गरोदर स्त्रियांवर असली मोजणी कोण करणार? खोक्यावरची सूचना तिच्याच विभागानं लिहिली होती: गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांनी रुग्णाच्या स्पर्शापासून दूर राहावं. आई ती सूचना चष्मा लावून वाचत होती.

त्या दिवसापासून राजश्री कडेच्या खोलीत राहू लागली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. केतकी जवळ गेली की ती एक पाऊल मागे सरायची, हसत, पण सरायची. ओटी भरायच्या दिवशी धाकट्या काकूनं ओटी भरली आणि राजश्री उंबऱ्यापलीकडून सांगत राहिली, "नारळ नीट धर. पदर पसर की जरा." केतकीला रडू आलं तेव्हा बायका म्हणाल्या, या दिवसांत असं होतंच.

"बाळ झाल्यावर काय करणार आहेस?" केतकीनं एकदा चिडून विचारलं. "लांबूनच बघणार?"

"बघू."

"हातमोजे आहेत की. एप्रन आहे. मी आणून देते चांगल्यातले."

"हातमोजं घालून नातवंड घेत्यात व्हय गं?" राजश्री म्हणाली. तिनं चिमट्यानं एक कडी उचलली आणि गुंफायला घेतली.

पुढच्या पंधरवड्यात अप्पांनी दिवा धरला आणि आईचे हात कोरे निघाले. पंप काढून एक दिवसही झाला नव्हता. अप्पांनी पुन्हा पाहिलं, नखं पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. "स्वच्छ!" ते ओरडलेच. राजश्रीनं सांगितलं, आता गरम पाणी आणि साबणानं कोपरापर्यंत घासतेय, घाम येऊ देत नाही. केतकीला इतका आनंद झाला की तिनं पुण्याला सहकाऱ्यांना कळवलं, आणि आईला म्हणाली, "तू तर आमच्या जाहिरातीत शोभशील."

राजश्रीची तब्येतही सुधारली. मळमळ थांबली. तोंडाला चव आली. डोक्यावर मऊ लव दिसायला लागली. येणारेजाणारे म्हणू लागले, येणाऱ्या बाळाचा पायगुण. कुणालाही, अगदी केतकीलाही, यात काही वावगं दिसलं नाही. माणसाला हवं ते दिसत असलं की त्याच्यामागं काय आहे ते कोण बघतंय!

मुलगी झाली. कोल्हापूरहून घरी आणली तेव्हा राजश्री दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. आत आल्यावर तिनं अप्पांना आधी दिवा आणायला लावला. तळवे, पालथे हात, नखं, कोपर, गळा. कुठंच काही नव्हतं. मग तिनं दोन्ही हात पुढे केले आणि केतकीनं बाळ त्यांत ठेवलं.

राजश्रीनं बाळाच्या कपाळाला गाल लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

सव्वा महिना तिनं नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. तेलानं अंग चोळलं, नाक चिमटीत धरून सरळ केलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळून मांडीवर निजवलं. केतकी कॉटवर पडून बघायची. नाव ठेवलं जाई. बारशाला राजश्रीनं जाहीर केलं की नातीचे वाळे ती स्वतः करणार, बाजारचे चालणार नाहीत.

सव्वा महिना झाला आणि मिरजेच्या डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं. स्कॅनच्या चित्रात यकृतावर नवे ठिपके होते, आणि जुनी गाठही वाढली होती. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. "औषध लागू पडेनासं झालंय, काकू," ते म्हणाले. "कधीकधी गाठी औषधाला सरावतात."

केतकीला ऐकून धक्का बसला, पण राजश्रीला बसलेला दिसला नाही. परतताना ती गाडीच्या खिडकीतून उसाकडे बघत होती आणि मध्येच म्हणाली, "जाई उठली असंल."

घरी आल्यावर केतकी कडेच्या खोलीत आईच्या कपड्यांची घडी ठेवायला गेली. काळी बरणी वाटेत होती. गावात पूल दुरुस्तीला काढल्यापासून कंपनीची गाडी आली नव्हती. बरणी बाजूला सरकवावी म्हणून ती उचलायला गेली, आणि बरणी उचलेना.

त्या बरणीत प्रत्येक वेळी नळी धुतल्याचं पाणी जायचं, घोटभर. महिन्याचे चार घोट धरले तरी ती हलकीच असायला हवी. ही तोंडापर्यंत भरलेली होती.

केतकी कॉटच्या कडेवर बसली. रचना तिनंच केली होती, त्यामुळे कोडं सुटायला वेळ लागला नाही. धुण्यासाठी म्हणून नळी बरणीला जोडता येते. धुण्याआधी जोडली तर? पंपाला काय, समोर माणूस आहे की बरणी हे त्याला कळत नाही. कुपी रिकामी होते, पंप इमानेइतबारे 'पूर्ण' असं दाखवतो, दवाखान्यात तशी नोंद पोचते. औषध चुकून सांडू नये, कुणी दुसऱ्यानं चोरू नये, सुई कुणाला टोचू नये, या सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. आजारी माणूस आपलंच औषध ओतून टाकेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि कोरे हात! औषध अंगात असेल तर कितीही घासा, घामातून ते पुन्हा येणारच. निळं दिसत नाही याचा अर्थ हात स्वच्छ आहेत असा नव्हता. औषध आईच्या अंगात गेलंच नव्हतं.

राजश्री खिडकीपाशी वाळे घडवत बसली होती.

"बरणी भरलीय," केतकी म्हणाली.

राजश्रीनं चिमटा खाली ठेवला. ती घाबरली नाही, तिनं नाकारलंही नाही.

"कधीपासून?"

"तुझ्या डोक्यावर ते निळं बघितलं ना, तवापासनं."

"आई!" केतकीला रागानं वाटलं खांदे धरून हिला गदागदा हलवावं. "अगं, तेवढ्यानं बाळाला काही झालं नसतं. दिव्याला काय, तो कशालाही चमकतो! सांगितलं होतं मी तुला."

"खात्रीनं सांगशील? आता सांग. काही झालंच नसतं म्हणून सांग."

केतकी रडायला लागली. खोटं सांगणं सोपं होतं, आणि आता त्याचा काही उपयोगही नव्हता. तरी ते तिला बोलता आलं नाही.

"बघ," राजश्री हळूच म्हणाली. "तू खोटं बोलणार न्हाईस. म्हणून तर तुला विचारलं नव्हतं."

"डॉक्टरांना विचारायचंस. त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता."

"त्यांनी घे म्हटलं असतं. तूबी घे म्हटली असतीस. तुझ्या अप्पांनी तर पाय धरलं असतं माझं. मग पोरीला मोज्यानं घ्यावं लागलं असतं, न्हाईतर लांबनं." तिनं हातातला वाळा खाली ठेवला. "मला दोन्ही हातांनी घ्यायचं होतं गं. घेतलं. आता काय म्हणशील ते करते."

अप्पांना सांगितलं तेव्हा ते कुणावरही रागावले नाहीत. दिवा घेऊन ओट्यावर बसले आणि त्याचं बटण नुसतं दाबत राहिले, चालू, बंद. स्वच्छ म्हणून आपण किती मोठ्यानं ओरडत होतो, एवढंच एकदा म्हणाले.

नवं औषध जास्त तीव्र होतं. या वेळी पंप केतकी जोडायची, हातमोजे घालून, आणि कुपी संपेपर्यंत समोर बसायची. पुण्याच्या नोकरीत तिनं रजा वाढवून घेतली. तन्मय शनिवारी यायचा. राजश्रीचे तळवे आता दिव्याखाली कायम निळे असत, गडद निळे. ती पुन्हा कडेच्या खोलीत गेली. तिला जाईजवळ यायला कुणी बंदी केली नव्हती. तिनंच स्वतःवर घातली.

पण बाळ ओळखायला लागलं होतं. ज्या पायांवर न्हालं ते पाय, तो आवाज, ते त्याला माहीत होते. राजश्री बाहेरच्या पडवीत येऊन दाराशी उभी राहिली की जाई आतून हुंकार द्यायची, दोन्ही हात पसरायची.

"नको बाई," राजश्री दारातूनच म्हणायची. "आजी निळी झालीया. आजीला नाही यायचं आत." आणि मग तिथूनच गाणं म्हणायची, टाळ्या वाजवायची, वेड्यासारखी तोंडं करायची. जाई हसायची. कधीकधी रडायची, आणि तेव्हा राजश्री चटकन तिथून निघून जायची.

केतकीनं एकदा जाऊन तिचा हात धरला. राजश्रीनं झटक्यानं सोडवून घेतला. "पाजतीयस तू!" ती ओरडली. इतकी ओरडली की तिला खोकला आला.

थंडी सरता सरता ती गेली. शेवटचे दिवस मिरजेला दवाखान्यात होते. तिला शुद्ध नव्हती, तरी केतकीनं हातमोजे घालूनच तिचा हात धरला होता. आई उठून ओरडेल याची तेव्हाही तिला धास्ती वाटत होती. मोज्यातून ऊब कळते, कातडी कळत नाही. ऊब गेली तेव्हा ते तिला लगेच समजलं.

रुग्ण गेल्यावर खोकं परत करायचं, आणि त्याआधी घर दिव्यानं तपासून पुसून घ्यायचं, असा कंपनीचा नियम आहे. तन्मय आणि अप्पा जाईला घेऊन देवळात गेले. केतकीनं खिडक्या लावल्या आणि दिवा पेटवला.

कडेच्या खोलीत थोडं निळं होतं. नळाच्या चावीवर, तांब्याच्या काठावर, चिमट्याच्या मुठीवर. फार नाही, राजश्री स्वतःच रोज दिवा घेऊन पुसायची. केतकीनं एकेक जागा पुसली. मग ती जाईच्या खोलीत आली. पाळणा कोरा. दुपटी कोरी. सव्वा महिना आईनं ज्या पाटावर बसून बाळाला न्हाऊ घातलं तो पाट कोरा. वाळे उलटसुलट करून पाहिले. जोडही सापडला नाही आणि निळंही.

केतकी पुन्हा पुन्हा दिवा फिरवत राहिली. कुठंतरी असेल, एखादा ठिपका, दुपट्याच्या शिवणीत. आपण काय शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हुंदका आवरेना. आईनं बाळाला मनसोक्त घेतलं होतं, आणि त्याची कुठंही खूण नव्हती. खूण राहू नये म्हणूनच तर तिनं सगळं केलं होतं.

पडवीत गेल्यावर दिवा सहज दाराच्या चौकटीवर पडला.

तिथं हात होता. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, राजश्रीच्या खांद्याइतक्या उंचीवर, पूर्ण तळवा आणि चार बोटं. एकावर एक कितीतरी वेळा टेकलेला, त्यामुळे कडा पसरलेल्या आणि मधला भाग गडद. दारात उभं राहून आत बघताना ती इथं धरत असणार. घरातली वाटीन् वाटी पुसणाऱ्या बाईला आपण काय धरून उभ्या आहोत हे कळलं नव्हतं. खालच्या बाजूला ओघळासारखा एक पुसट पट्टा होता. कदाचित उभं राहवेना तेव्हा धरत धरत ती खाली बसली असेल.

केतकीनं हातमोजा काढला. तिचा तळवा चौकटीच्या अगदी जवळ गेला. लाकूड थंड होतं हे न टेकताही तिला कळत होतं.

मग तिनं हात मागे घेतला. जाई आता धरून धरून उभी राहायला लागली होती. भिंत, कॉट, पाट, जे मिळेल ते धरायची आणि मग ते हात तोंडात घालायची. केतकीनं मोजा पुन्हा चढवला, फडक्यावर द्रावण घेतलं आणि पुसायला सुरुवात केली. वरून खाली, बोटांपासून तळव्यापर्यंत, तळव्यापासून जमिनीपर्यंत. जुनं लाकूड होतं, निळं सहजासहजी निघत नव्हतं. तिनं दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं. दिवा धरून पाहिलं. मग फडकं परत जाणाऱ्या खोक्यात टाकलं आणि झाकण खटकन लागलं.

बाहेरून अप्पांचा आवाज आला. "येऊ काय गं आत?"

"या," केतकी म्हणाली. "स्वच्छ आहे."

अप्पांनी जाईला पडवीत खाली सोडलं. ती रांगत थेट दाराशी आली, आणि चौकटीला धरून उभी राहिली.